थंडी पडली, सूत तुटायलंय

नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिकची माझी मावसबहीण चार दिवस राहायला आली होती. सोलापूरला येणारा प्रत्येक पाहुणा परतण्याच्या आदल्या दिवशी जे करतो, तेच तिनेही केले. चादरी घ्यायला निघाली. मी तिला मोठ्या दुकानात न नेता साखर पेठेतल्या एका ओळखीच्या मागाच्या कारखान्यात नेले. पुढच्या खोलीत चादरींच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि मधल्या भिंतीपलीकडे माग चालू होते. त्या आवाजात बोलायचे म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावे लागते. ताईने एक मरून रंगाची चादर उलगडून अंगाभोवती घेतली, तिचे वजन हाताने तोलले आणि मालकांना विचारले, "अहो, पण तुमच्याकडे थंडी पडते तरी का? मग एवढ्या चादरी करता कुणासाठी?" मालक नुसते हसले. तेवढ्यात आतला एक माग थांबला. बाकीचे माग चालूच होते, तरी तो एक थांबल्याचे स्पष्ट कळले. बनियनवर असलेला, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तूस बसलेला एक कामगार दारात आला आणि म्हणाला, "थंडी पडली मालक, सूत तुटायलंय. खाली पाणी मारायला लावा की पोराला." मालकांनी मुलाला बादली घेऊन आत पिटाळले. ताईचे लक्ष मरून आणि हिरव्या चादरींमध्ये अडकले होते. तिने ते ऐकले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पाठीमागे देऊन तो माणूस पुन्हा मागावर गेला होता.

ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना.

नाशिककरांना थंडी सिद्ध करावी लागत नाही. निफाडचा पारा घसरला की बातमी होते आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे धूर करावा लागतो. आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येते ते एप्रिल-मेमध्ये, तापमान ४३-४४ अंशांवर गेल्यावर. त्यामुळे सोलापूरला एकच ऋतू असतो असे बाहेरच्यांना वाटले तर त्यांचा दोष नाही. पण इथे राहणाऱ्याला ठाऊक असते की थंडी येते. आमच्याकडे पावसाचा खरा महिना सप्टेंबर. परतीचा पाऊस उत्तरा-हस्ताच्या दिवसांत जे देईल, त्यावर वर्ष काढायचे असते. तो पाऊस गेला की ऑक्टोबरचे ऊन सुरू होते, आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कढत पाणी नकोसे वाटावे अशीही वर्षे येतात. मग कधीतरी वारा फिरतो. पूर्वेकडून आणि ईशान्येकडून कोरडी हवा वाहू लागते, आकाश घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे लख्ख होते, आणि दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली सगळी ऊब त्या उघड्या आकाशाला देऊन टाकते. पहाटे १५ अंशांच्या खाली आणि दुपारी तिशीत, असा तो दिवस असतो. सकाळी सातला शाळेत निघालेल्या मुली ज्या ओढणीने कान बांधतात, त्याच ओढणीने दुपारी घरी येताना उन्हापासून डोके झाकतात.

मला थंडीची पहिली वर्दी कानांतून मिळते. आमचे घर विजापूर रस्त्याच्या बाजूला आहे आणि रेल्वे स्थानक तिथून बरेच लांब. वर्षभर गाड्यांचे अस्तित्व आम्हाला जाणवत नाही. पण नोव्हेंबरमधल्या कुठल्यातरी रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या इंजिनाचा भोंगा ऐकू येतो, आणि त्यामागून रुळांचे सांधे ओलांडत जाणाऱ्या डब्यांची लय. आई असेपर्यंत ती त्या वेळी अंधारातच म्हणायची, "ऐकलंस का? पडली थंडी." तिच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा होता. यामागचे कारण मला पुष्कळ नंतर कळले. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते, आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. एरवी आभाळात विरून जाणारा आवाज या दोन थरांमुळे खाली वळतो आणि जमिनीलगत दूरवर पोहोचतो. आईला हे सांगितले, तेव्हा तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि गोधड्या उन्हात घालायला निघून गेली.

लहानपणी याच कारणाने मिलचे भोंगे थंडीत अधिक जवळ येत असत. ‘जुनी मिल’ नावाची कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या मिल आल्या. निम्मे सोलापूर त्यांच्या भोंग्यांवर उठत होते, जेवत होते आणि झोपत होते. जुनी मिल मी चालू पाहिलेली नाही, पण बाकीच्यांचे भोंगे माझ्या कानांत आहेत. घरात घड्याळ होते, तरी आजी चूल पेटवायची ती भोंग्यावरच. आता ते सगळे भोंगे बंद झाले आहेत. रेल्वेचा भोंगा तेवढा उरला आहे, आणि थंडी आजही त्याला आमच्या खिडकीपर्यंत आणून सोडते.

ही थंडी आली की टिकतेच असेही नाही. तिकडे बंगालच्या उपसागरात वादळ उठले की इकडे सोलापुरावर ढग येतात, रात्रीची ऊब त्या ढगांखाली कोंडून राहते आणि दोन दिवसांत पंखे पुन्हा फिरू लागतात. "थंडी मोडली" असे त्याला आमच्याकडे म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचा चेहरा तेव्हा उतरलेला असतो, कारण त्या ढगाळ हवेत तुरीचा फुलोरा गळतो, हरभऱ्यावर घाटेअळी येते आणि द्राक्षवाल्यांची झोप उडते. शहरातल्या माणसाला स्वेटर काढून ठेवण्यापलीकडे त्याचे काही वाटत नसले, तरी आमच्या गावात प्रत्येक घराचे एक टोक शेतात असते.

त्या कामगाराच्या वाक्यावर विचार करता करता माझ्या लक्षात आले, की सोलापूरची थंडी आधी ओल नेते आणि गारवा मागून देते.

सुताचे तसेच आहे. कापसाच्या धाग्यात जोवर हवेतली ओल मुरलेली असते, तोवर तो ताण सहन करतो. ओला कापूस कोरड्या कापसापेक्षा बळकट असतो. हवा कोरडी झाली की तोच धागा, विशेषतः खळ दिलेला ताण्याचा धागा, ठिसूळ होतो आणि फणीतून पुढे-मागे होताना तुटतो. एक धागा तुटला की माग थांबवायचा, हजारो धाग्यांतून तुटलेले टोक शोधायचे, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचे. सोलापुरी चादर जेकार्डच्या मागावर विणली जाते; वर पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि त्या पुठ्ठ्यांवरल्या भोकांप्रमाणे खाली मोर, फुले, वेलबुट्टी उतरत जाते. तिथे चुकलेला एक धागा नक्षीत लगेच दिसतो. बहुतेक कामगारांची मजुरी नगावर असते, म्हणजे माग थांबला की मजुरीही थांबते. म्हणून थंडी सुरू झाली की कारखान्यातल्या फरशीवर पाणी मारतात, खिडक्या लावून घेतात, आणि आतली माणसे डिसेंबरच्या पहाटेही घामाने भिजलेली असतात. देशभरातल्या माणसांना उबदार ठेवणारे कापड विणायला ज्या ऋतूत मागणी येते, त्याच ऋतूत ते विणणे अवघड होते. ताईने अंगाभोवती घेतलेल्या त्या मरून चादरीच्या आत अशा किती गाठी असतील, हे बोटाने चाचपून कळत नाही. कळू न देणे हेच तर त्या कामगाराचे कौशल्य.

मुंबईला गिरण्या का फोफावल्या याची अनेक कारणे सांगतात, त्यांत समुद्राची दमट हवा हेही एक असते. आमच्याकडे समुद्र नव्हता. इथल्या मिलमध्ये ती दमट हवा यंत्रांनी तयार करावी लागे. खात्यांमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडले जात. आजोबा मिलमध्ये होते. रात्रपाळी संपवून ते बाहेर पडत तेव्हा त्यांचा सदरा ओलसर असे, आणि मिलच्या फाटकाबाहेर हिवाळ्याची कोरडी पहाट उभी असे. आतला दमटपणा छातीत भरून त्या हवेत चालत यायचे, म्हणजे खोकला ठरलेला. थंडीचे चार महिने आमच्या घरात तो खोकला भिंतीवरच्या घड्याळाइतकाच नियमित होता. आजी त्यांच्यासाठी उंबऱ्याशीच घोंगडे घेऊन उभी राहायची. आजोबा आत येण्याआधी ते त्यांच्या खांद्यावर पडायचे. त्या काळात मी झोपेतून डोळे किलकिले करून हे पाहत असे आणि मला ते घोंगडे म्हणजे आजीच्या प्रेमाचा भाग वाटत असे. प्रेम तर होतेच, पण त्याबरोबर हिशेबही होता. खाडा पडला तर पगार कापला जाईल, ही भीती त्या घोंगड्याच्या काठाला धरूनच होती.

आमच्या शेजारी तेलुगू भाषिक अक्का राहायच्या. त्या विड्या वळत. सोलापुरात यंत्रमागावर नवरा आणि सुपासमोर बायको, अशी घरे पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत, आणि त्या घरांचा खरा आधार अनेकदा सुपावरच असतो. तेंदूच्या पानालाही ओल लागते. कोरडे पान कात्रीखाली तुटते आणि वळताना चिरते, म्हणून पाने भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि ते फडके वाळणार नाही याकडे लक्ष द्यायचे. पावसाळ्यात एकदा भिजवलेले फडके दुपारपर्यंत पुरे, थंडीत मात्र त्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडावे लागे. वाया गेलेल्या पानांचा भुर्दंड वळणारीवरच पडायचा. अक्का सकाळी दारातल्या कोवळ्या उन्हात पाय पसरून बसत. त्यांची बोटे न बघता चालत, आणि त्या आईशी मराठीत, मुलांशी तेलुगूत आणि समोरच्या कन्नड भाषिक आजींशी त्यांच्या भाषेत बोलत. त्यांच्या बोटांच्या पेरांवर थंडीत बारीक चिरा पडत, आणि तंबाखूची पूड त्यांत जाऊन झोंबे. रात्री त्या खोबरेल तेलात मेण वितळवून तो लेप लावत आणि वर चिंध्या बांधत. तोच लेप आमच्या आजीच्या टाचांना लागे. टाचांच्या भेगांत शिरलेला गोधडीचा दोरा ओढला गेला की आजी झोपेत विव्हळत असे. मोठेपणी मी दवाखान्यांतून आणि दुकानांतून अनेक मलमे आणली. त्या मेणाच्या वासाइतकी थंडीची खात्री मला दुसऱ्या कशाने पटत नाही.

मग शेत. वडिलांचे गाव मंद्रूपच्या पुढे, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथली जमीन काळी, खोल आणि पाण्याला धरून ठेवणारी आहे, पण तीही थंडीत हळूहळू हात सोडते. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायची आणि मग आकाशाकडून काही मागायचे नाही. जमिनीच्या पोटात जी ओल मुरली आहे, तिच्यावर आणि रात्रीच्या गारव्यावर ज्वारी चार महिने काढते. थंडी चांगली असेल तर पान कमी पाणी उडवते, पहाटेच्या दवाने पोंग्यात थेंब साठतात, आणि पीक तग धरते. आमच्याकडचे म्हातारे म्हणतात, "ज्वारी थंडीवर येते." त्यात अतिशयोक्ती नाही. मालदांडी ज्वारीचा जो वाण वर्षानुवर्षे शेतकऱ्यांनी सोडला नाही, तो मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन कागदावर आले तेव्हा मला आनंद झाला. पण ही ज्वारी ज्यांनी टिकवली, ते पिढ्यान्‌पिढ्या फक्त एवढेच बघत होते, की पाऊस नसतानाही कणीस भरते आणि कडबा जनावराला गोड लागतो.

ओल राखण्याचे शास्त्रही इथेच घडले. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन होत आहे. बांधबंदिस्ती, दोन ओळींत जास्त अंतर, दर काही वर्षांनी खोल नांगरट आणि वारंवार कोळपणी या गोष्टी त्यातून पद्धतशीर मांडल्या गेल्या. कोळपणीचे कारण वडिलांनी मला भेगेत हात घालून दाखवले होते. डिसेंबरात काळी जमीन भेगाळते. भेग एवढी खोल असते की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जातो, आणि आत हात घातला की तळाशी गार, दमट हवा लागते. ती ओल त्या भेगेतून वर निघून जात असते. कोळपे फिरवून वरची माती मोकळी केली, की ती भेगेत पडते आणि तोंड बुजते. "एक कोळपणी, अर्धं पाणी," असे ते म्हणायचे. पहाटेच्या दवात कोळपे चालवताना बैलांच्या नाकातून वाफा निघत आणि वडिलांच्या डोक्यावरून घेतलेल्या घोंगड्यावर पांढरे थेंब दिसत. मी बांधावर बसून ढाळे खात असे. कोवळ्या हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट खार बोटांना लागायचा, ओठांच्या चिरांत झोंबायचा, तरी हात थांबत नसे.

ओल, ओल आणि ओल. मागावर, सुपात, टाचेत आणि रानात सगळे जण एकच गोष्ट धरून ठेवायला धडपडत असतात, आणि तरीही एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक नसते.

मार्गशीर्षातली वेळा अमावस्या आली की गाव रानात जेवायला जाते. कर्नाटकाच्या सीमेलगतचे आमचे तालुके, धाराशिव आणि लातूर सोडले तर हा सण महाराष्ट्रात फारसा कुणाला माहीत नाही. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचे जेवण. भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा, शेंगा, त्या ऋतूत रानात जे हिरवे मिळेल ते सगळे पडते. मातीच्या बिंदगीतले आंबील पहाटेच्या थंडीने इतके गार झालेले असते की दात शिवशिवतात. त्या दिवशी सोलापूरच्या पेठा ओस पडतात. वर्षभर एकमेकांना न भेटणारी भावंडे बांधावर एका रांगेत बसतात. वाटणीचे जुने बोलणे त्या दुपारी कुणी काढत नाही, निदान आमच्याकडे तरी काढले गेले नाही. त्यानंतर हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे खुपसायची, हातावर चोळायची, फुंकून तूस उडवायचे आणि शेंगाचटणीला लावून तोंडात टाकायचे. तळहात लाल होतात, पाठीला गार वारा लागतो, तोंडावर आगटीची धग येते. याच दिवसांत भोरड्यांचे थवे येतात. मध्य आशियाकडून येणारे हे गुलाबी अंगाचे पक्षी संध्याकाळी आकाशात असे वळण घेतात की बघणारा हातातले काम विसरतो. ज्याची ज्वारी दाण्यात आली आहे तो मात्र माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत असतो. त्याच्या आरोळ्या आणि माझे कौतुक एकाच वेळी एकाच थव्याकडे जाते, आणि मला त्याच्या समोर त्या पक्ष्यांना सुंदर म्हणण्याचा संकोच वाटतो.

असा संकोच मला थंडीबद्दल आणखी एका ठिकाणी वाटतो, आणि तो भोरड्यांएवढा हलका नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा आहे. गाळप सुरू झाले की बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगार येतात आणि कारखान्यांच्या आसपास, फडांच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. थंडीने उसात साखर वाढते. डिसेंबर-जानेवारीत उतारा चांगला मिळतो, आणि त्यामुळे सगळ्यांनाच ती हवी असते. पण ऊस तोडायला पहाटे उजाडण्याआधी फडात शिरणाऱ्या बाईच्या अंगावर त्याच थंडीचे दव सांडते. पाचटाच्या धारेने हात चिरतात, लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते, आणि कोपीत झोपलेले मूल एका फाटक्या वाकळेत असते. रात्री पंढरपूरहून परतताना मोटारीच्या काचा वर करून मी त्या कोप्यांपुढच्या शेकोट्या बघते, मळीचा उग्र-गोड वास आत येतो, आणि आपण "काय छान थंडी पडली" हे वाक्य सकाळी किती सहज म्हटले ते आठवते. दरवर्षी संस्था आणि मंडळे चादरी वाटतात, ते चांगलेच आहे. पण ज्या बाईची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटत नाही, जिला खाडा केला तर दंड पडतो आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत पुन्हा फडात उतरावे लागते, तिची थंडी चादरीने जात नाही. पक्की निवारा-घरे, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि कामाच्या तासांना मर्यादा, एवढे तरी कारखान्याच्या आवारात उभे राहिले पाहिजे, आणि ते उपकार म्हणून नव्हे तर उसाच्या दरात धरलेला खर्च म्हणून.

चादरीचेही दिवस पूर्वीचे राहिले नाहीत. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंत ती आहे, तरी बाजारात तिच्याच नावाने बाहेर विणलेला माल येतो, आणि पानिपतकडची पॉलिस्टरची मऊ, झगमगीत ब्लँकेटे कमी पैशांत मिळतात. कितीतरी कारखान्यांनी चादर सोडून टॉवेल धरला आहे. टॉवेलला ऋतू लागत नाही आणि परदेशात मागणी असते. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला दर आठवड्याला कामगारांचा पगार करायचा आहे, त्याने स्मृतीसाठी माग चालवावा असे म्हणायचा मला अधिकार नाही. तरीही पॉलिस्टरच्या ब्लँकेटखाली झोपून उठल्यावर केस उभे राहतात, अंगाला चटका बसतो, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तो स्पर्श परका वाटतो. सुती चादर पहिल्या पाच मिनिटांत गार लागते, मग अंगाची ऊब घेते आणि रात्रभर ती परत देत राहते. आमच्याकडची आजीच्या काळातली चादर मध्ये विरली आहे, काठ शाबूत आहेत, आणि ती अजून धुवून उन्हात पडते.

थंडीचा कळस होतो तो गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या (सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेला. संक्रांतीच्या सुमारास, यात्रेच्या पहिल्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सातही नंदीध्वज घेऊन निघतात आणि शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करतात. यण्णीमज्जन म्हणतात त्याला. अशा कोरड्या दिवसांत गावाच्या देवांना तेल लावायला निघायचे, ही योजना सिद्धरामेश्वरांच्या काळापासूनची की नंतरची, याने मला फरक पडत नाही. ज्या महात्म्याने बाराव्या शतकात या रखरखीत गावात तळे खोदले, त्याच्या यात्रेची सुरुवात ओलाव्याने व्हावी हे मला मनापासून योग्य वाटते. याच दिवसांत घराघरांत भोगी असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी आणि दुसऱ्या दिवशी शेंगापोळी; तीळ, शेंगा, करडई, सगळी तेलाचीच धान्ये ताटात उतरतात. तैलाभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" हे शब्द ध्वनिक्षेपकावरून येतात आणि तळ्याकाठची, गच्च्यांवरची, किल्ल्याकडची सगळी गर्दी एकदम हात वर करते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी आख्यायिकेतल्या कुंभारकन्येचे लग्न लागते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे तिथे खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि त्या दाटीत थंडी कुणालाच लागत नाही.

होमाच्या रात्री मात्र लागते. कुंभारकन्येने अग्निप्रवेश केला त्याची आठवण म्हणून होम मैदानावर होम पेटतो, आणि त्यानंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, गाजर, बोरे असे सगळे ठेवतात आणि ते काय हुंगते, कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचा अंदाज सांगितला जातो. त्याने मूत्र विसर्जन केले तर पाऊस चांगला. शिकलेली माणसे यावर विश्वास ठेवतात की नाही हा प्रश्न मला तिथे उभी असताना पडत नाही. शाली, मफलर, चादरी लपेटलेली एवढी माणसे रात्री उशिरापर्यंत उघड्या मैदानावर एकाच गोष्टीची वाट बघत असतात, आणि ती गोष्ट पाणी असते. गेल्या गड्ड्याला माझ्या पुढे दोन शेतकरी उभे होते. एकाच्या खांद्यावर घोंगडे होते आणि दुसऱ्याने कानाला फेटा गुंडाळला होता. गर्दीमुळे त्यांना काही दिसत नव्हते. पुढून कुणीतरी हात वर करून ओरडले तशी घोंगडेवाल्याने विचारले, "काय झालं, पाऊस सांगितलाय का?"

"सांगितलाय म्हणायलेत."

"मग वरच्या रानाला उन्हाळ्यात कुळवाच्या दोन पाळ्या जादा घालतो," तो म्हणाला, आणि घोंगडे सावरत मंद्रूपची गाडी पकडायला घाईने निघाला.